इटलीची गाडी आणि मार्गासनीची सून

गाडी कुणाच्या पायगुणानं बंद पडत नाही. हे वाक्य मी कापूरहोळच्या माझ्या गॅरेजच्या भिंतीवर लाल ऑइलपेंटनं, वीतभर अक्षरांत लिहून घेतलं होतं. गिऱ्हाइकं वाचायची, हसायची आणि मग आवाज खाली आणून विचारायची, "पन मिस्त्री, कदी कदी आसतंयच की वो तसं काय?" नसतं! किती वेळा सांगायचं? गाडीला पेट्रोल कळतं, हवा कळते, ठिणगी कळते. तुमच्या घरात कोण आलं आणि कोण गेलं, हे तिला कळत नाही.

दिवाळी अंकवाल्यांनी मला गॅरेजातल्या गमतीजमती लिहायला सांगितल्या आहेत. गमती पुष्कळ आहेत. पण त्या आठवायला बसलो की माझं डोकं तापतं, आणि बायको म्हणते की आता वय झालं, शांत व्हा. शांत होऊन मला लिहिता येणार नाही. तेव्हा तापलेल्या डोक्यानंच लिहितो, छापायचं तर छापा.

आमचं घर मूळ भोरचं. वडलांचं तिथं सायकलचं दुकान होतं. मी मोटारसायकलीच्या नादाला लागलो आणि हायवेला फाट्यावर येऊन बसलो. इथं भोरकडं जाणारे थांबतात, वेल्ह्याकडून येणारे थांबतात, ढाब्यावर जेवायला उतरलेले ट्रकवाले उगाच येऊन पान्ह्यांना हात लावतात. माणसं पाहायला ह्यापेक्षा चांगली जागा नाही.

एक टेम्पोवाला यायचा. त्याची गाडी चढाला तापायची. कारण उघडं होतं. दर शनिवारी तो पुढच्या जाळीला नवं लिंबू-मिरची बांधायचा आणि जुनं काढायचा नाही. जाळीपुढं लिंबांची रांगच लागलेली. रेडिएटरला वारा लागणार कुठून? मी ती सगळी माळ कात्रीनं कापली, तर तो माझ्याशी बरेच दिवस बोलला नाही. गाडी मात्र तापायची थांबली. आता कुणी म्हणेल, हमीदभाई दुसऱ्यांच्या श्रद्धेवर बोलतात. अहो, आमच्यातही काही कमी नमुने नाहीत. माझ्या सख्ख्या मेव्हण्यानं रिक्षाचे ब्रेक लागेनात म्हणून हँडलला ताईत बांधला होता. त्याला मी भर लग्नात, वऱ्हाडासमोर शिव्या दिल्यात. माझा राग जातपात बघत नाही.

पण लिहायचं आहे ते इटलीच्या गाडीबद्दल.

मार्गासनीचा विलास शिरवळकडं एका कारखान्यात कामाला होता. तिथं मशिनी बसवायला आलेल्या एका इटालियन इंजिनिअरनं आपल्या देशातून मोटारसायकल आणली होती आणि जाताना ती इथंच सोडली. मग ती पुण्याच्या एका हौशी साहेबांकडं गेली आणि त्यांच्याकडून विलासनं घेतली. नव्वदचं दशक संपत आलं होतं. आपल्याकडं शंभर सीसीच्या गाड्यांचं राज्य, सगळ्या किती ॲव्हरेज देते ते विचारून घेतलेल्या. त्यात ही आली. लाल टाकी, दोन सिलेंडर, आणि बसणाऱ्याच्या गुडघ्यांपाशी दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमच्या दोन चकचकीत तुताऱ्या. गॅरेजसमोर उभी राहिली आणि ढाब्यावरची माणसं हातात भाकरी घेऊन बघायला आली.

मी तिच्या प्रेमातच पडलो, खोटं कशाला बोलू? पण वापरलेली परदेशी गाडी घेणं म्हणजे उतारवयात दुसरं लग्न करण्यासारखं असतं. आधीच्या घरात काय काय झालंय ते हळूहळू बाहेर येतं. वायरी वाळून पापडासारख्या झालेल्या, हात लावला की मोडायच्या. इंजिनाच्या जोडातून तेल पाझरायचं. त्याचं पॅकिंग आपल्याकडं कुठं मिळणार? मी जाड शीट आणून, त्यावर जोडाचा छाप उठवून कात्रीनं कापलं. क्लचची केबल स्कूटरच्या केबलीला नवी घुंडी बसवून केली. पॉइंट घासले, टायमिंग लावलं. सगळं झाल्यावर मी त्या दोन तुताऱ्यांवर बोट ठेवलं आणि विलासला विचारलं, "ह्यांच्यावरचे फिल्टर कुठायत?"

"त्ये त्या साहेबांनी काढून टाकलेत," विलास म्हणाला. "उघडं ठेवलं की आवाज भारी येतोय म्हनं."

जे गॅरेजवाले नाहीत त्यांना सांगतो. इंजिनाला पेट्रोलइतकीच हवा लागते, आणि ती कार्बोरेटरमधून आत जाते. त्या तुताऱ्या म्हणजे कार्बोरेटरची तोंडं. आत एक छोटी स्लाइड असते, विहिरीवरच्या पोहऱ्यासारखी वर-खाली होणारी. ॲक्सिलेटर पिळला की केबल तिला वर ओढते, इंजिन पळायला लागतं. मूठ सोडली की स्प्रिंगनं ती खाली पडते, इंजिन शांत होतं. सगळा भरवसा त्या खाली पडण्यावर असतो. आणि तोंडाशी फिल्टर हवा, नाहीतर रस्त्यावरचं जे काही असेल ते गाडी ओढून घेते. आवाजासाठी फिल्टर काढायचा म्हणजे घोरणं छान ऐकू यावं म्हणून नाक कापून ठेवायचं!

"माती जाईल आत," मी म्हणालो. "फिल्टर बनवून देतो, गाडी ठेवून जा."

"लगीन तोंडावर आलंय हमीदभाई. लगीन झालं की आनतो."

आणि गेला घेऊन. तुळशीच्या लग्नानंतरचे दिवस होते. त्याचं लग्न भोरच्या पलीकडं आंबवड्याच्या रंजनाशी ठरलेलं. गाडी आणि सून एकाच आठवड्यात मार्गासनीला पोचल्या. पुढचं सगळं त्यातून झालं.

सून घरात आली आणि विलासची आई हौसाबाई म्हणाली, आता गाडीची पूजा लक्ष्मीच्या हातानंच होऊ द्या. रंजनानं केली. दुसऱ्या दिवशी दोघं जवळच्याच पालीला, विलासच्या मावशीकडं जेवायला निघाली. वळण आलं, विलासनं मूठ सोडली, पण गाडी हळू होईना. उलट तशीच बोंबलत पळत राहिली. ब्रेक दाबेपर्यंत रस्ता संपला आणि गाडी बांधावरून थेट कापणी झालेल्या भातखाचरात गेली. विलास बांधावर आपटला, मनगट मोडलं. रंजना पेंढ्यांच्या ढिगावर पडली आणि साडी झटकून उठली.

तिचं नशीब चांगलं म्हणायचं की नाही? पण गावात बोलणं काय झालं, तर "हिला खरचटलंसुदिक न्हाई बगा!" म्हणजे पडून हातपाय मोडले असते तर ती चांगली ठरली असती. काय म्हणावं असल्या डोक्यांना?

गाडी माझ्याकडं आली तोवर खाचरातल्या पोरांनी तिला उभी करून, हलवून, किका मारून पाहिलेलं. मी दोन्ही कार्बोरेटर खोलले. स्लाइड गुळगुळीत, वर-खाली पाण्यासारखी. तरी ॲक्सिलेटरची केबल बदलली, स्प्रिंगा बदलल्या. दिवसभर फाट्यापासून सारोळ्यापर्यंत पळवली, एकदाही अडकली नाही. विलासचं प्लास्टर निघालं तेव्हा गाडी छातीठोकपणे त्याच्या ताब्यात दिली.

घरी गेली. हौसाबाई म्हणाली, गाडी पुन्हा जन्माला आली, पुन्हा पूजा करा, ह्या वेळेला चांगली दोन्ही अंगांनी करा. पुन्हा रंजना. आणि त्याच दिवशी नसरापूरच्या चौकात, भर बाजारात, गाडी पुन्हा उधळली. विलासनं क्लच दाबून धरला, इंजिन केकाटायला लागलं, बायका भाज्या टाकून पळाल्या. शेवटी त्यानं चावी काढली आणि गाडी तिथंच आडवी केली. ह्या वेळी मात्र त्यानं तिला हातही लावला नाही, सरळ टेम्पोत टाकून माझ्याकडं घेऊन आला.

"हमीदभाई, इकून टाका हिला," तो म्हणाला. "आन तुमी तरी काय केलं वो? दिवसभर पळवली म्हनला नव्हं?"

हे मी ऐकून घेतलं. गाडी दोनदा अडकली म्हणजे माझं नाव दोनदा गेलं, ते बरोबरच होतं. मग तो टेम्पोच्या फाळक्याला टेकून म्हणाला, "रंजनालाबी आंबवड्याला सोडून आलोय."

"बरं नाही का तिला?"

"आई म्हनती, पायगुन न्हाई. दोन डाव पूजा केली, दोन्ही डाव हिच्याच हातानं, आन दोन्ही डाव गाडी उधळली. तिसऱ्या डावाला माझा जीवच जायाचा म्हनती."

"आणि तुझं काय म्हणणं?"

"माझं काय म्हननं असनार? आईच्या म्होरं कोन बोलनार?"

माझ्या हातात तेव्हा पान्हा होता. तो मी खाली ठेवला, कारण हातात ठेवणं बरं नव्हतं. शिकलेला, कारखान्यात मशिन चालवणारा माणूस! कारखान्यातलं मशिन बंद पडलं तर तिथल्या झाडूवाल्या बाईला हे लोक घरी पाठवतात का? तिथं बरोबर फ्यूज बघतात. घरात आलं की ह्यांची अक्कल चपलांबरोबर बाहेर राहते.

तो गेल्यावर मी बॅटरी घेऊन तुतारीपाशी गुडघ्यावर बसलो. पहिल्या वेळी लोकांनी किका मारून जे काही होतं ते गिळायला लावलं होतं. ह्या वेळी गाडी जशी अडकली तशीच आली होती. डावीकडच्या तोंडात स्लाइड अर्ध्यावर थांबलेली दिसली. तिच्या कडेच्या खाचेत काहीतरी लाल होतं. चिमट्यानं हळूच ओढलं.

कुंकू लागलेला तांदळाचा दाणा.

मी तिथंच फरशीवर बसलो. माती आत जाईल म्हणून मी विलासशी भांडलो होतो, पण अक्षता जातील हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं. आणि मग सगळं उलगडलं. आपली बाई गाडीची पूजा करते तेव्हा टाकीला कुंकू लावते, हँडलला हार घालते, चाकाला पाणी घालते. आणि ह्या गाडीला तर दोन सुंदर, चकचकीत वाट्या पुढं काढून ठेवलेल्या! त्यात अक्षता घालायच्या नाहीत तर कुठं घालायच्या? कुठलीही बाई हेच करील. दाणे आत जाऊन बसायचे, मूठ पिळली की स्लाइडच्या खाचेत शिरायचे आणि तिला खाली पडू द्यायचे नाहीत. म्हणजे गाडीला बरं वाटावं म्हणून जेवढी जास्त पूजा, तेवढी ती जास्त उधळायची.

दाणा कागदात बांधून घरी नेला आणि बायकोला, शमीमला, दाखवला. मला वाटलं, शाबासकी मिळेल. ती म्हणाली, "तुम्ही हे असंच जाऊन सांगणार?"

"मग कसं सांगू?"

"अहो, त्या म्हातारीला काय ऐकू येईल? 'सुनेच्या हातच्या अक्षतांनी गाडी अडकली.' झालं! आत्तापर्यंत नुसता संशय होता, तुम्ही पुरावा नेऊन द्याल."

बरोबर होतं. मशिनची अक्कल मला आहे, माणसांची तिला आहे. मी रात्रभर चुळबुळ केली नाही की काही नाही, आधी एक राग मोकळा करायचं ठरवलं. सकाळी एसटीडी बूथवरून पुण्याच्या त्या हौशी साहेबांना फोन लावला.

"फिल्टर काढलेत ते कुठायत?"

"अहो, फेकून दिले. त्यानं आवाज मरतो गाडीचा!"

"इथं माणूस मरत होता!" मी ओरडलो. बूथवाल्यानं काचेतून पाहिलं. साहेब म्हणाले, "तुम्हा गावच्या मेकॅनिकांना ती गाडी झेपणार नाही, हे मी त्याला सांगितलंच होतं." फोन मीच आपटला, नाहीतर बूथवाल्याला नवा घ्यावा लागला असता.

मग गाडी टेम्पोत घालून थेट मार्गासनी गाठली. विलासच्या अंगणात ती उतरवली, चालू केली आणि हौसाबाईंना हाक मारली.

"मावशी, पूजेचं ताट आणा."

"आता कशापायी? हात लावनारी गेली तिच्या म्हायेरी."

"तुम्ही लावा की हात. सवाष्ण आहात, घरातल्या मोठ्या आहात, तुमच्यापेक्षा चांगला हात कुणाचा?"

हे ऐकून म्हातारी खूश झाली. पदर डोक्यावर घेऊन आली. विलासचे वडील पडवीत बसलेले, शेजारपाजारच्या बायका कुडाशी उभ्या राहिल्या. हौसाबाईंनी टाकीला हळद-कुंकू लावलं आणि मग, मी काही न सांगता, अगदी भक्तिभावानं चिमूटभर अक्षता एका तुतारीत आणि चिमूटभर दुसऱ्या तुतारीत घातल्या.

मी मूठ पिळली आणि सोडली. इंजिन गुरगुरलं आणि शांत झालं. सगळे दाणे गिळले त्यानं! मला घाम फुटला. कुडाशी कुणीतरी हसलं. एक बाई म्हणाली, "बगा, हौसाकाकूच्या हाताला कसं गप ऱ्हायलं."

"मावशी, अजून घाला," मी म्हणालो. "मूठभर घाला. कंजुषी करू नका."

तिनं मूठभर घातल्या. मी मूठ पिळली, सोडली आणि दोन्ही हात वर करून सगळ्यांना दाखवले. गाडीला कुणाचाही हात नव्हता आणि ती जोरजोरानं बोंबलत होती. कोंबड्या कुडावरून उडाल्या. बायका मागं सरल्या. हौसाबाईंच्या हातून ताट पडलं आणि तांदूळ अंगणभर झाले.

मी चावी फिरवली. मग म्हणालो, "आता सांगा मावशी. तुमचा पायगुण कसा आहे?"

विलासचे वडील पहिल्यांदाच पडवीतून उठले, वाकून तुतारीत पाहिलं आणि "आरारा" एवढंच म्हणाले. मी चिमट्यानं दाणा काढून हौसाबाईंच्या तळहातावर ठेवला. तिला समजावून सांगितलं की तिचीही चूक नाही, सुनेचीही नाही, अक्षतांची तर नाहीच नाही. चूक त्या माणसाची, ज्यानं आवाजासाठी गाडीचं तोंड उघडं ठेवलं. हौसाबाई घरात गेली आणि चहाच्या दोन स्टीलच्या गाळण्या घेऊन आली.

"ह्या बसत्याल का वो तोंडावर?"

बसल्या. दांडे कापले, आत स्पंजचे तुकडे घातले, क्लिपा आवळल्या. आवाज थोडा मेला. मरू दे. पुढं मी नीट फिल्टर बनवून दिले, पण बरेच दिवस ती इटलीची राणी मार्गासनीच्या गाळण्यांतून श्वास घेत होती.

रंजना पुढं नांदायला आली, हे आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्यांचा जीव टांगणीला नको. हौसाबाई स्वतः एसटीनं आंबवड्याला गेली आणि तिला घेऊन आली. पण ते बऱ्याच दिवसांनी. त्याच्या आधी विलास गेला होता, आणि गाडीवर त्याच्या मागं मी बसलो होतो. गाळण्या बसवल्या त्याच दिवशी तो म्हणाला, "चला हमीदभाई, तुमीच सांगा तिला, म्हंजी तिला पटंल." मीही फुगलो होतो. म्हटलं, चला. दाण्याची पुडी खिशात होतीच.

रंजना अंगणात सुपानं हरभरा पाखडत होती. आम्हाला बघून उठली, पाणी आणून दिलं आणि परत सूप घेऊन बसली. विलासनं हसत हसत सगळं सांगितलं. फॉल्ट कसा सापडला, कोंबड्या कशा उडाल्या, आईचं तोंड कसं झालं. शेवटी म्हणाला, "आता कायबी प्रॉब्लेम न्हाई. आवर, चल गाडीवर."

ती माझ्याकडं वळली. "दाना हाय का हमीदभाऊ?"

मी पुडी दिली. तिनं ती उघडून पाहिली.

"ह्यो माझ्याच हातचा."

"असेल," मी म्हणालो. "पण तुझी चूक नाही त्यात. कुणीही तिथंच घातल्या असत्या."

"व्हय. त्ये म्हाईत हाय मला." मग ती विलासला म्हणाली, "आन ह्यो दाना घावलाच नसता तर?"

विलासला प्रश्नच कळला नाही. "पन घावला की."

"घावला म्हनून मी चांगली झाले. न्हाई घावला असता तर मी कोन हुते? मी तवाबी हीच हुते न्हवं?"

तो गाडीच्या किल्लीशी चाळा करत राहिला. मी त्याच्याकडं बघत होतो. बोल बाबा, काहीतरी बोल. चुकलो म्हण. नुसतं तिचं नाव घे. तो म्हणाला, "आगं, आता झालं नव्हं सगळं नीट?"

तिनं दाणा सुपात टाकला, दोन हात मारले, फोलपटांबरोबर तो अंगणाबाहेर गेला. "मी न्हाई येत आज," ती म्हणाली. "तुमी जावा. ऊन व्हतंय."

आम्ही निघालो. कुणी विचारलं असतं तर मला रडता आलं असतं, इतका राग आला होता, आणि तो कुणावर काढायचा ते कळत नव्हतं. गाडी मात्र सुरेख चालली होती. वळणाला मूठ सोडली की लगेच हळू व्हायची, पुन्हा पिळली की उचलायची. भोर आलं. स्टँडच्या अलीकडं विलास मान वळवून मोठ्यानं म्हणाला, "हमीदभाई, लई झाक काम केलंत बगा! एवढ्या वाटंत एकदाबी अडकली न्हाई!"

"गाडी थांबव," मी म्हणालो.

"का वो? काय झालं?"

मी उतरलो, आणि कापूरहोळपर्यंत एसटीनं आलो.